वयाच्या रकान्यातलं शून्य

दवाखान्यात एक आजी नर्सला वय सांगत होत्या, "मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी रांगत होते." ते ऐकून मला सरूमावशी आठवल्या.

मोतीबिंदूच्या शिबिरासाठी गावातल्या जुन्या नोंदी मी संगणकावर घेतल्या होत्या. वयाच्या रकान्यातला मजकूर आकड्यांत बदलायचा होता. ज्याचा आकडा होणार नाही तिथे शून्य धरायचं, असं प्रोग्रॅममध्ये मीच लिहिलं. मग साठीपुढच्यांची यादी काढली. सरूमावशींच्या नावापुढे 'साठी कधीच उलटली' असं होतं. त्याचं शून्य झालं आणि त्या यादीतून गळल्या.

शिबिराला त्या नातीचा हात धरून आल्या. "नाव नाही मावशी, पुढच्या वेळी या," हेही मीच म्हणालो.

चूक आठवड्यानं सापडली. धावत त्यांच्या घरी गेलो, तर मावशी खाटेवर होत्या. नात म्हणाली, "पायरी दिसली नाही तिला. कंबरेचं हाड मोडलं."

पुढे मी खटपट करून त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. पट्टी निघाल्यावर त्यांनी माझा चेहरा निरखला आणि हसल्या, "एवढासाच आहेस होय रे तू!"

त्यांना सगळं दिसायला लागलं. चालल्या मात्र त्या पुन्हा कधीच नाहीत.