हॉर्न वाजेपर्यंतचं कपिलधार

जिथं तिकीटच लागत नाही, अशा जागेचा पास तुम्ही कधी विकत घेतला आहे का?

आम्ही घेता घेता राहिलो. आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात. यंदा त्याआधी, श्रावणात, घरच्या चौघांनी पहिल्यांदाच नुसतं फिरायला निघायचं ठरवलं, तेही आईसाठी. तिला कपिलधारच्या पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. आमच्या उमापुरातल्या शेजारणी जाऊन आल्या होत्या. ही आपली दर वेळी "पुढच्या साली" म्हणायची.

बीडच्या स्टँडबाहेर जीपला टेकलेल्या एजंटानं आम्हाला बरोबर हेरलं. एका दिवसात सहा ठिकाणं, थेट धारूरच्या किल्ल्यापर्यंत, असा त्याचा रंगीत पास होता. धाकट्या बहिणीनं किल्ल्याच्या चित्रावर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

मी पत्रकं वाचत वाढलो. वडील मोर्चाहून आणायचे, मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. रंगीत कागद दिसला की माझी नजर आधी तळाच्या बारीक अक्षरांवर जाते.

"कपिलधारला तिकीट हाय का?" मी एजंटाला विचारलं.

"न्हाई."

"किल्ल्याला?"

"न्हाई."

"मग पास कशाचा?"

"गाडीचा, दादा. लई शिकलेले दिसता तुमी."

"जाऊ दे बे," वडील मला म्हणाले. "एकदाच निघालोय. सगळं बघून टाकू." त्यांचा हात खिशात गेला.

तेवढ्यात आईनं विचारलं, "पाण्यापाशी किती येळ थांबता?"

"हॉर्न वाजला की गाडीत बसायचं, मावशी. मागं राहिलं त्याची जिम्मेदारी आपली न्हाई."

आईनं वडिलांकडं बघितलं. फडावर वाहन येऊन हॉर्न वाजला की ताटातली भाकरी तशीच ठेवून दोघं ऊस भरायला उठतात. अंगात ताप असला तरी उठतात.

वडिलांनी हात खिशातून रिकामाच काढला. "हॉर्नवर उठायचे तिथं आमाला पैसे मिळतेत," ते एजंटाला म्हणाले. "हितं आमीच कावून द्यायचे?"

बारीक अक्षरं मी दोनदा वाचली होती. हॉर्नचं त्यात कुठंच नव्हतं.

मग दुसऱ्या गाडीनं आम्ही फक्त कपिलधारला गेलो. बहीण अजून टोमणा मारते, "दादानं किल्ला बुडवला." आई पाण्यात पाय सोडून बसली. वर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला, तशी ती साडी सावरत अर्धवट उठली.

"आपला न्हाई तो," वडील म्हणाले.

ती पुन्हा बसली. ऊन कलेपर्यंत उठली नाही.

तेव्हा पास काढण्याआधी, ज्या माणसासाठी निघालात त्याला विचारा, कुठं बसायचंय. मग एजंटाला विचारा, तिथं हॉर्न कधी वाजतो. आणि उत्तर तोंडी घेऊ नका, पासावर लिहून घ्या.