जेवणाआधी अर्धी गोळी

"मंगळवारी खाल्लं, बुधवारी खाल्लं, आन् सोमवारी तोंड फिरवलं. बाई, हिला वार कळत्यात का?"

चांगुणाआजी माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. हातात झाकणाची टोपली, टोपलीत पुतळी. पुतळी म्हणजे त्यांची चौदा-पंधरा वर्षांची कबरी भाटी, मांजरी.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी तेव्हा पौडला गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. लाळ-खुरकत, फुगलेली पोटं, अडलेल्या म्हशी, हेच माझं काम. मांजर घेऊन कुणी येत नसे. आमच्याकडे मांजर पाळतात ते भाताच्या कणगीला उंदीर लागू नयेत म्हणून. ते म्हातारं झालं की आपलं आपण कुठेतरी निघून जातं. चांगुणाआजी मात्र घोटावड्याहून एसटीने टोपली मांडीवर घेऊन आल्या होत्या. नवरा गेलेला, मुली सासरी, घरात त्या आणि पुतळी.

पहिल्या खेपेला मी पोट चाचपलं तेव्हा पुतळीची मूत्रपिंडं बोटांना लागली होती. सुपारीएवढी आणि कडक. पाणी भरपूर पीत होती, लघवी सारखी, तोंडाला वास. हे दुखणं क्रॉनिक, म्हणजे जुनाट. ते बरं होत नाही, सांभाळायचं असतं. रक्तात घाण साठते, मळमळतं, भूक मरते. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर दुखण्याआधी उपासमारच त्याला नेते. म्हणून आधी भूक आणायची.

भुकेचं मांजरासाठी वेगळं औषध आमच्याकडे नव्हतं. ॲलर्जीची एक गोळी असते, सायप्रोहेप्टाडिन. तिने भूक वाढते, म्हणून किरकिऱ्या पोरांना देतात. तीच मी लिहून दिली. "सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी, जेवणाआधी," असं सांगितलं. आजींनी ते दोनदा म्हणून पाठ केलं.

गोळी लागू पडली. फक्त सोमवारी पडेना.

मी डोकं चालवलं. "सोमवारी तुमच्या घरी मासळी शिजत नसेल."

"सोमवारी कशी शिजंल, बाई?"

सापडलं, असं मला वाटलं. शेजारच्या हमीदाबींना सांगून सोमवारी दोन मासे उकडून घ्या, म्हटलं. पुढच्या खेपेला आजी आल्या त्या उतरल्या चेहऱ्याने.

"हमीदानं नदीचं मासं दिलं. हिनं वास घेतला आन् गेली कणगीमागं. आता गुरुवारी बी खात न्हाई. शनवारी बी न्हाई."

पुतळीचं वजन घटलं होतं. पाठीचा कणा हाताला लागत होता. मी डोस वाढवून अख्खी गोळी केली. त्याने भलतंच झालं. मंगळवारी पुतळी सकाळपासून ओरडत सुटली आणि आढ्यावर जाऊन बसली. या गोळीचा डोस जास्त झाला तर मांजर असं बिथरतं. पण मग गुरुवारी तीच मांजर शेणाच्या गोळ्यासारखी पडून का? गोळी तीच, हात तोच. चार दिवस वेडं आणि तीन दिवस मेलेलं, असं दुखणं मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

त्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. टोपली बघून म्हणाले, "डॉक्टर, लसीकरणाची गावं राहिलीत आणि तुम्ही मांजराची भूक बघताय?"

"सर, ती गुरुवारी खात नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मग बुधवारी जास्त घाला."

मी इतकी गोंधळले होते, की जीपचा धुरळा बसेपर्यंत या सल्ल्याचाही विचार करत होते.

पुढच्या गुरुवारी घोटावड्यात बैलांना लस टोचायची होती. काम संपवून मी आजींकडे गेले. चूल थंड होती. पुतळी कणगीला टेकून बसली होती.

"सकाळची गोळी दिली?"

"आज न्हाई."

"का?"

"आज माझा उपास हाय."

"उपास तुमचा, आजी. गोळी पुतळीची."

"तुमीच म्हणलात, जेवणाआधी. आज जेवणच न्हाई, तर गोळी कशाच्या आधी देऊ?"

मी खालीच बसले. "सोमवार, गुरुवार, शनिवार, तिन्ही उपास?"

"सोमवार पयल्यापासनं. बाकीचं दोन हिच्यासाठी धरल्यात. भाटीला अन्न जाऊ दे म्हणून."

मांजर खालावली की आजी एक उपास वाढवत, आणि उपास वाढला की मांजरीची गोळी बुडे. वर मी डोस वाढवत होते. आजींना रागावणार होते, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "हिचं जेवण येगळं कुटं हाय, बाई? मी ताट घेतलं की ही शेजारी बसती. मी घास घेतला की ही घेती."

मग मला रागावता येईना. पुन्हा अर्धी गोळी, आणि उपास असो-नसो रोज दोन्ही वेळा, हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. केस सुटली, अशा थाटात परतले.

पुढच्या आठवड्यात आजी हजर.

"सोमवारी गोळी दिली. दूधभात कालवून फुडं ठेवला. नुसती माझ्याकडं बघत बसली. माझं ताट न्हाई, मग ती बी जेवना."

"मग?"

"मग काय, मोडला उपास. ताट घेतलं. तवा जेवली."

"आणि देवाला काय सांगितलंत?"

"सांगितलं, भाटी हाय तवर थांब. मग तुझं समदं फेडीन."

पुतळी भाताची कापणी होऊन कणगी भरेपर्यंत जगली. थोडी भरलीही. गोळीने की ताटाने, मला आजही सांगता येत नाही. दोन्ही एकदमच सुरू झालं होतं, त्यामुळे श्रेय वाटायची सोय राहिली नाही.

त्यानंतर एका सोमवारी आजी रिकाम्या हाताने आल्या. पदराच्या गाठीतून उरलेल्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. "कुणाच्या भाटीला लागतील."

मी चहा मागवला आणि सवयीने विचारलं, "जेवलात का?"

"न्हाई. तिन्ही वार परत धरल्यात. बोलले व्हते न्हवं." चहा बशीत ओतून त्या जरा थांबल्या. "बरंच हाय. येकटीला ताट घ्यायचं जिवावर येतं."

मला फार वाईट वाटलं, आणि त्यावरचं औषध माझ्या कपाटात नव्हतं.

तेव्हापासून मी कागदावर नुसतं 'जेवणाआधी' लिहीत नाही. कुणाच्या, तेही लिहिते. आणि जनावर खात नाही म्हणून कुणी आलं, की ते कुणाबरोबर जेवतं, हे आधी विचारते.