आवाज तुजाच पायजे

रोकडे सर वर्गात आले की बाकांमधून वाकून चालत आणि गाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडाशी कान नेत. "सूर चुकला तरी चालंल रं, पण आवाज तुजाच पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी शेजारच्या वर्गात मराठी आणि गणित शिकवायची. मधली भिंत पातळ, त्यामुळे ते मला रोज ऐकू यायचं.

आमची कर्जतजवळची मिशनची प्राथमिक शाळा. सर दहिवलीचे, बौद्ध. वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, त्यांच्याकडूनच सर शिकले. शाळेत मात्र येशूची गाणी शिकवायचे, आणि इतकी मनापासून की फादरही दाराशी थांबून ऐकत. एकदा मी विचारलं, "सर, अवघड नाही जात?" तर म्हणाले, "टीचर, करुणा इकडं पण हाय, तिकडं पण हाय. पेटीला काय कळतंय?"

त्यांची मुलगी आर्या आमच्याच शाळेत दुसरीत होती. शिक्षकाची मुलगी म्हणून तिला प्रवेश मिळाला होता, आणि सरांची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची. सर गेले असते तर तिचीही शाळा सुटली असती. म्हणून मुख्याध्यापिका सिस्टरांनी संगीताचा तास गणिताला द्यायला सांगितला तरी सर "बरं, सिस्टर" म्हणून पेटी झाकत.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाला मोठे पाहुणे येणार होते. सिस्टर वाईट नव्हत्या, धास्तावलेल्या होत्या. त्यांनी मुंबईहून गाणं रेकॉर्ड करून आणलं आणि सांगितलं, "मुलांनी फक्त ओठ हलवायचे." पंधरा दिवस सरांनी मुलांना ओठ हलवायला शिकवलं. भिंतीपलीकडून नुसता स्पीकर ऐकू यायचा.

संमेलनात आर्याच्याच वर्गातली भागी मात्र गायली. कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतली ही पोर आमच्या वसतिगृहात राहायची. रानात हाळी देतात तसा तिचा मोकळा आवाज स्पीकरच्याही वर गेला. पाहुणे हसले. नंतर पडद्यामागे सिस्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला गायला कोणी सांगितलं होतं?"

भागीने सरांकडे पाहिलं. सर आर्याचा हात धरून समोरच उभे होते. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

तेव्हापासून भागी वर्गातही फक्त ओठ हलवू लागली. सर तिच्या बाकाशी थांबायचे. "गा गं बाय, एकच ओळ." ती तोंड उघडायची, मिटायची. दोन वर्षं हे असंच चाललं. डबा खाताना एकदा सर म्हणाले, "टीचर, कुटं जाऊ सांगा. हितून निघालो तर पोरीची शाळा जाते. हितं राहिलो तर रोज भागी समोर बसते." त्यांनी अर्धा डबा तसाच बंद केला.

चौथीनंतर दोघी मुली शाळेतून बाहेर पडणार होत्या. शेवटच्या दिवशी सरांनी मलाही वर्गात बोलावलं. भागीसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"भागे, गायला मीच शिकवलं तुला. तवा मी बोलाया पायजे होतं. भ्यालो. चुकलं माजं."

भागी पायाच्या अंगठ्याकडे बघत उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय, सर," आणि खाली बसली. गायली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी नव्या वर्षाच्या नेमणुकीचा कागद सही न करताच परत दिला.

परवा ते कशेळ्याच्या बाजारात भेटले. आता कळंबच्या एका रिसॉर्टवर शनिवार-रविवार पाहुणे जेवत असताना गातात. "कोन ऐकत नाय," म्हणाले, "पण गातो." मग त्यांनी विचारलं, "शाळेत पोरं गातात ना अजून?"

त्यांच्या जागी कोणी आलेलं नाही. संगीताचा तास आता मीच घेते, गणिताचा.

"गातात की," मी म्हणाले.

सरांचा चेहरा उजळला. "मग बरं हाय," म्हणाले. मी घाईघाईने जीपमध्ये चढले आणि निघेपर्यंत बाहेर पाहिलं नाही.