पंतांच्या तोंडचा पोरगा

श्रीधरपंतांना बुधवारी मरायचं काहीही कारण नव्हतं. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून एक फोन करायचा, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. आणि शब्द आणि वेळ पाळणारा सबंध कुवेतमध्ये एकच माणूस, तो म्हणजे पंत, अशी ख्याती. आमच्या शुऐबाच्या प्लांटमधले भोंगे पंतांचं घड्याळ बघून वाजायचे. पण बुधवारी मी रिग्गईत, माझ्या घराजवळच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, कांदे निवडत होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "नानाकाका, बाबा इज नो मोअर," तो म्हणाला, आणि पुढचं मराठीत कसं सांगायचं ते न सुचून नुसता श्वास घेत राहिला. मी कांदे तिथेच ठेवले. रडायला हवं होतं. पण पहिला विचार आला तो असा... सुटलात की हो, पंत!

हे वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. महिना उलटला तरी माझाही गेलेला नाही.

पंत पुण्याचे, मी कुडाळकडचा. प्लांटमध्ये ते परमिटचे साहेब आणि मी स्टोअर्समध्ये. प्लांटमध्ये वेल्डिंगची ठिणगी पाडायची असो की टाकीत माणूस उतरवायचा असो, आधी पंतांची सही लागायची, आणि हवेत कुठला वायू आहे ते तपासल्याशिवाय पंत सही करायचे नाहीत. एकदा खुद्द मोठ्या साहेबाला त्यांनी जुलैच्या उन्हात गेटाबाहेर उभं केलं. तो इतका वेळ उभा राहिला की त्याची सावली वितळून गटारात वाहून गेली, असं मी सगळ्यांना सांगत असे. पंत शांतपणे दुरुस्ती करायचे, "नाना, भर दुपारी सावली आखूड होते. वितळत नाही." वाळूच्या वादळात माझी गाडी उडून बसऱ्याला गेली आणि तिथल्या हवालदाराने पाण्याने धुऊन परत पाठवली, ही माझी गोष्ट तर मंडळाच्या प्रत्येक गणपतीत व्हायची. लोक हसायचे. पंत विचारायचे, "पाणी गोडं होतं की खारं?" अशी आमची जोडी.

आमची खरी गाठ पडली ती एका पुस्तकामुळे. रुमैथियातल्या त्यांच्या घरी शुक्रवारी दुपारी चार-सहा माणसं जमायची आणि पंत एका जुन्या अमेरिकन कादंबरीचं एकेक प्रकरण हातोहात मराठी करत वाचून दाखवायचे. दारुड्या बापाचा, गावाने ओवाळून टाकलेला एक पोरगा आणि मालकिणीकडून पळालेला एक गुलाम, दोघं एका तराफ्यावरून मोठ्या नदीतून खाली निघालेत. गोष्ट तो पोरगाच सांगतो, त्याच्या ओबडधोबड बोलीत. पंतांच्या मराठीत मात्र तो सदाशिव पेठेतला, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणारा मुलगा वाटायचा. पहिल्याच शुक्रवारी मी ओरडलो, "पंत, हो पोरगो अंघोळ करून इलो वाटता!" ते दचकले. मग म्हणाले, "तू सांग बघू, कसं बोलेल तो." मी सांगितलं. त्या दिवसापासून पंत वाक्य वाचायचे, माझ्याकडे बघायचे, मी ते मालवणीत म्हणायचो, आणि पंत तेच घोळवून पुन्हा म्हणायचे. काही महिन्यांनी त्यांना माझी गरज उरली नाही. त्यांच्या तोंडून तो पोरगा असा बोलायला लागला की डोळे मिटले तर समोर माझा चुलतभाऊ बसलाय असं वाटावं. माझी भाषा मी त्यांना दिली, आणि ती त्यांच्या तोंडी जास्त शोभली, हेही कबूल करतो.

दत्ताराम याच सुमारास माझ्याकडे आला. आमच्या शेजारच्या गावचा, चाळिशीचा, परांची बांधणारा गडी. वाळवंटातल्या कुठल्याशा कंपनीने त्याला कराराबाहेरच्या कामाला जुंपलं, पासपोर्ट काढून घेतला, म्हणून तो निघून आला. कंपनीने लगेच तो फरार असल्याची तक्रार ठोकली. सरकारची माफी येणार अशी बोलवा होती. माफीत असा माणूस ताठ मानेने घरी जातो आणि रीतसर परत येऊ शकतो. त्याआधी सापडला तर मात्र बोटांचे ठसे घेऊन पाठवणी, आणि दार कायमचं बंद. मी त्याला म्हटलं, "माफी येईपर्यंत हयच ऱ्हव. माझ्या तोंडातून तुझा नाव भायर पडाचा नाय." तो हसला, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे कुडाळपासून कुवेतपर्यंत सर्वांना ठाऊक. पण मी पाळलं. वादळाच्या गोष्टीसुद्धा बंद केल्या, चुकून त्यात दत्ताराम निघायला नको म्हणून. फक्त एका शुक्रवारी त्याला पंतांकडे नेलं. चार भिंतींत कोंडलेला माणूस, गोष्ट तरी ऐकेल... आणि पंतांपासून काय लपवायचं?

सोफा रिकामा असून दत्ताराम दाराजवळ चपलांपाशी बसला. त्या दिवशी नेमकं ते प्रकरण होतं, जिथे पोरगा अडतो. पळालेल्याला लपवणं म्हणजे चोरी, पाप, थेट नरकाची वाट, असं त्याला लहानपणापासून पढवलेलं. आता मालकिणीला कळवायचं की नाही? मनात रणकंदन. वाचता वाचता पंतांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पुढचं पुढच्या शुक्रवारी," म्हणाले. परतल्यावर जिन्यात दत्ताराम म्हणाला, "मोठो माणूस."

पुढचा शुक्रवार त्याच्या वाट्याला आला नाही. मी खुबूसच्या रोट्या घेऊन परत येत होतो तर इमारतीखाली पोलिसांची गाडी उभी, आणि मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये दत्ताराम. त्याने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने फक्त पाहिलं, आणि मान वळवली.

संध्याकाळी पंत स्वतः आले. प्लांटमधला अहवाल द्यावा तसे सरळ उभे राहून म्हणाले, "नाना, त्याच्या कंपनीच्या मंदूबला मी फोन केला होता. सरकारी कामं तोच बघतो, माझ्या ओळखीचा आहे. तक्रार मागे घेऊन कामावर परत घेतो, असा शब्द दिला होता त्याने."

"आणि तुम्ही पत्ता दिलात?"

"असं बिनकागदाचं किती दिवस ठेवणार होतास? नियमात बसवायला हवं होतं ना त्याला!"

मी विचारलं, "पंत, तो पोरगा काय करतो पुढे? तुम्ही रडलात की हो त्याच्यासाठी!"

ते खरंच गोंधळले. म्हणाले, "नाना... ते पुस्तक आहे."

दत्तारामची पाठवणी झाली. आणि बोभाटा झाला तो माझ्या नावाचा. नानाच तो, बोलला असेल कुठेतरी! मी शपथा घेतल्या, तर लोक विचारत, "शपथ गोडी की खारी?" गावी माझ्या भावाला बाजारात टोमणे. जन्मभर थापा मारल्या तेव्हा माणसं टाळ्या देत होती. एकदाच खरं बोललो, तर ऐकायला कुणी नाही. खरं सांगू शकणारा माणूस एकच, आणि त्याचं सगळे ऐकत. मी शुक्रवारी जाणं सोडलं.

मग एके दिवशी पंत रिग्गईला आले, जिने चढून, धापा टाकत. "मंदूबने मला फसवलं," म्हणाले. "फोन मी केला होता, हे मीच सांगतो दत्तारामला. तुझ्यासमोर. शुक्रवारी."

"आत्ताच करा की. हा घ्या फोन."

"नको. काय बोलायचं ते आधी नीट ठरवू दे."

माफी मागायलाही परमिट! मी हसलो. तीच शेवटची भेट.

शोकसभेत सगळे म्हणाले, पंतांसारखा कोवळ्या मनाचा माणूस होणे नाही. नंतर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "भाऊजी, जायच्या आधी दोन दिवस हे हॉलमध्ये फेऱ्या मारत मालवणीत काहीतरी पुटपुटत होते. कसली तयारी होती?" माझ्याच्याने थाप मारवली नाही. सगळं सांगितलं. त्या बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहा कुठेतरी. मनावरचं उतरेल." आणि जरा थांबून, "नाहीतरी तुमचं कोण खरं मानणार आहे?"

लिहायच्या आधी मी दत्तारामला फोन केला. "मंदूबाक फोन पंतांनी केल्यानी," मी म्हटलं. "मी न्हय."

पलीकडे कोंबडा आरवला. मग त्याचा आवाज आला, थंड. "नाना, गाडी बसऱ्याक गेली म्हणालात, मी ऐकान घेतलंय. पण मेलेल्या माणसावर घालू नकात. त्या पोरासाठी पंत रडत होते, ह्या डोळ्यांनी बघलंय मी. असो माणूस कोणाक पकडून दिवचो नाय."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "नाना... त्या पोराचा पुढे काय झाला? पंतांनी अर्ध्यार सोडल्यानी."

"सांगू?"

"सांगा. पण तुमच्यासारखा नको. पंत सांगत, तसा सांगा."

मी सांगितलं. माझ्याच घरच्या बोलीत, माझ्या आजीने मला शिकवलेल्या शब्दांत. की पोरगा खूप वेळ अडला, आणि मग त्याने नरक पत्करला पण आपल्या माणसाचा पत्ता दिला नाही. पंत जिथे थांबले असते, तिथे थांबलो.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हां," दत्ताराम म्हणाला. "अशेच बोलत पंत."