धुराची परतफेड

मथुराबाईनं जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. भगवानरावाचं मात्र चिंतलं, आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही.

कापसाचा भाव पडला त्या दोन हजार पाचच्या साली निंदणाला बाया लावणं बंद झालं. मग ती पुसदजवळच्या भगवानरावाच्या शेडमध्ये लागली. जुने पाइप, फाटक्या चपला, केबलची सालं वितळवून प्लास्टिकचा दाणा पाडायचं काम. धूर असा की डोक्यावरून पाणी घेतलं तरी केसांतला वास जाईना. शिदोरीच्या भाकरीलाही तोच वास. पाच वर्षं तिनं तीच भाकर खाल्ली.

मग तहान सुरू झाली. कितीही पाणी प्यायली तरी जीभ कोरडी. एकदा मशीनपाशीच घेरी आली.

भगवानराव म्हणाला, "साखर झाली तुले. गोड कमी खात जाय. अन् उद्यापासून येऊ नोको."

"गोड? मालक, वरसातून एकडाव पुरण शिजते माह्या घरी!"

तो ऐकायला थांबला नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सुरभीनं तपासलं. साखर तीनशे ऐंशी, लिव्हरवर चरबी. घरात आधी कुणालाच साखर नव्हती. डॉक्टर म्हणाली, "प्लास्टिक मऊ करायला जी द्रव्यं घालतात, ती तापली की धुरातून अंगात जातात. लिव्हरचं, स्वादुपिंडाचं काम ती बिघडवत असावीत, असा संशोधकांना संशय आहे. पण तुमचं त्यानंच झालं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही."

मथुराबाईला शपथ नको होती. तिला भगवानराव हवा होता.

शेड पेटवायचं मनात आलं; पण तो धूरही बायांच्याच नाकात गेला असता. तिनं दुसरा मार्ग धरला. शेडमधल्या अकराजणींना दवाखान्यात नेलं. सातजणींची साखर वाढलेली निघाली. ते कागद घेऊन ती भरदुपारी मालकाच्या घरी गेली. घर शेडला लागूनच. त्याची बायको विमलताई गच्चीवर कुरड्या वाळवत होती.

"ताई, तुमीबी दहा वरसं ह्याच धुरात राहून राह्यल्या. एकडाव तपासून घ्या."

"मले काय धाड भरली?" विमलताई म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी आली.

सुई टोचताना मथुराबाई शेजारी उभी राहिली. आकडा वाईट निघावा, असं ती मनोमन मागत होती. दोनशे नव्वद निघाला. तिला हसू आलं. तिनं ते दाबलं नाही.

"हासतं काहून व?" विमलताईचे डोळे भरले होते.

"आता मालक तुमाले काय सांगते, ते मले आयकाचं हाय."

त्याच संध्याकाळी विमलताईनं शेडला कुलूप ठोकलं. नवऱ्यानं आदळआपट केली, तिनं भीक घातली नाही. महिन्याभरात भगवानरावानं मशीन उचलून दूर झरीकडे नेलं. तिकडं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

मथुराबाईला कळलं तशी तिनं गोळ्यांची पुडी घेतली आणि एसटी धरली. तिथल्या पोडावर, कोलाम आदिवासींच्या वस्तीत, बायांत बसून सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी मशीनवर एकही बाई फिरकली नाही. भगवानराव रस्त्यात आडवा आला.

"अजून किती मांगं लागशीन माह्या?"

"जीव हाय तवरोक," ती म्हणाली, आणि त्याला वळसा घालून पुढच्या पोडाकडे चालू लागली.