आत बघणाऱ्या शालनबाई

शालनबाई पुनावळ्याच्या. चिंचवडच्या एका औषधाच्या कंपनीत त्या इंजेक्शनच्या बाटल्या तपासायच्या. बाटली दिव्यापुढे धरायची, हळूच कलती करायची, मनात पाच अंक मोजायचे, आत कण तरंगतोय का बघायचं. दिवसभर हेच. त्यामुळे येता-जाता आमच्या घरी टेकल्या, तरी पाण्याचा ग्लास आधी खिडकीच्या उजेडात जायचा, मगच तोंडाला. तेव्हाचा आईचा चेहरा इथे लिहून दाखवता येत नाही, नाहीतर दाखवलाच असता.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांना कायम करायचं निघालं. पण साहेब तोंडी परीक्षा घेणार होते. नापास झाल्या तर सहा वर्षांची हंगामी नोकरीही सुटणार. आई शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून शालनबाई तिच्याकडे आल्या.

"बाई, आमच्या खात्याचं नाव इन्स्पेक्शन. त्याचा अर्थ इचारत्यात म्हनं. काय सांगू?"

"घोकू नका, फोडा. 'इन' म्हणजे आत. 'स्पेक्ट' म्हणजे बघणं. जुना लॅटिन शब्द आहे."

"आत बगनं! ह्येच तर करतो आमी!"

"आणि 'रिस्पेक्ट'मध्येही तोच. 'रि' म्हणजे पुन्हा. वळून पुन्हा बघावंसं वाटतं, तो मान."

शालनबाईंच्या हातात ग्लास तसाच राहिला. भिंतीवर त्याचा उजेडाचा गोल पाण्यासारखा हलत होता. त्या गोलाकडेच बघत म्हणाल्या, "माज्याकडं कोन वळून बगतंय, बाई?"

परीक्षेचं त्यांनीच येऊन सांगितलं; त्यांचा आणि साहेबांचा, दोन्ही आवाज मी तेव्हापासून काढून दाखवते.

साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. शालनबाईंचा हात आपोआप खिडकीकडे गेला. ग्लास कलता. एक, दोन, तीन, चार, पाच.

"अहो बाई, प्यायला दिलंय, तपासायला नाही!"

"पिऊ नगा कुनी, सायेब. कण हाय."

साहेबांनी चष्मा चढवून ग्लास धरला. "छे! स्वच्छ आहे."

"पुन्यांदा बगा. हळू कलता करा."

साहेबांनी पुन्हा बघितलं. केसाएवढा एक काळा कण पाण्यात सावकाश, अगदी झोपेत चालल्यासारखा वर येत होता. साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग शालनबाईंकडे.

"बरं, इन्स्पेक्शन म्हणजे काय?"

"ह्येच की, सायेब. आत बगनं."

आठ दिवसांनी कायम केल्याचा कागद आला. शालनबाईंनी तो आमच्या खिडकीत उजेडाला धरला, हळूच कलता केला, पाच मोजले.

"न्हाई, कण न्हाई," म्हणाल्या, आणि तो कागद पुन्हा बघितला.