लाकडी बैलाचे पाय

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लेकरांच्या तान्ह्या पोळ्याला, माझी नात मिनू लाकडी बैल दोरीने ओढत गल्लीतून पळत सुटली. बैलाला सुबक चार पाय, आणि त्यांच्याखाली पुन्हा चार चाकं. पाय असताना चाकं कशाला, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही.

मी मागून बघत होतो. धावणं म्हणजे तरी काय? माणूस पुढे झेपावतो, आणि पडायच्या आत एक पाय त्याला सावरतो. लगेच पुन्हा तोल जातो, मग दुसरा सावरतो. पहिलं चाक घडवणाऱ्यानेही आपलं लेकरू असंच पळताना पाहिलं असेल. सावरायला दोन पाय कसे पुरतील, एकामागून एक टेकणारे, गोल भरून पाय हवेत, असं त्याला काळजीपोटी वाटलं असेल.

मिनू थांबली. बैल थांबला नाही. तिच्या टाचेवर आदळला.

"आबा, याले थांबताच येत नाही!" ती रडवेली झाली. मग तिनेच त्याला उचलून त्याचे पाय चोळले. "थकला तो."

मी दोघांना कडेवर घेतलं. चाकं हवेत गरगरत होती. घरी न्यायला मात्र माझे दोन कुरकुरणारे गुडघेच होते.